धान, मामा तलाव आणि सारस : गोंदियाची भटकंती

शुक्रवार

महाराष्ट्र एक्सप्रेस गोंदियाला संपते, त्यामुळे पुण्याहून बसलं की उतरायची काही घाई नसते. नागपूर गेल्यावर मात्र खिडकी सोडू नका. कापूस आणि तूर हळूहळू मागे पडते, भंडारा रोड, तुमसर, तिरोडा करत गाडी पुढे जाते तसा धान सुरू होतो, आणि धानाच्या मधे मधे पाणी चमकतं, कुठे चारच खाचरांएवढं तर कुठे पलीकडचा काठ दिसत नाही इतकं. हे सगळे तलाव माणसाने बांधलेले आहेत हे माहीत असूनही ते एकामागून एक बघताना दर वेळी नवल वाटतंच.

दिवाळी होऊन गेली होती. हलका म्हणजे लवकर येणारा धान कापून झालेला, उशिरा येणारा भारी धान अजून उभा, आणि गावागावात मंडई चालू. मंडई म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा, रात्री दंडार (इथलं लोकनाट्य) किंवा नाटक, लेकी माहेरी आलेल्या, पाहुण्यांनी घरं भरलेली. आमचे यजमान काकाजी स्टेशनवर न्यायला आले ते पहिलं वाक्य हेच बोलले, "बरोब्बर टायमाले आले जी तुमी, पाखरं पन आले, पावने पन आले."

मला यायचं होतं ते सारस बघायला. महाराष्ट्रात सारस आता जवळपास फक्त गोंदिया-भंडाऱ्याच्या पट्ट्यात उरलेत, गोंदियात गेल्या काही वर्षांच्या गणनेत आकडा तीसच्या आसपास फिरतोय, नदीपलीकडे मध्य प्रदेशातल्या बालाघाटमध्ये त्याहून जास्त आहेत. वैनगंगा आणि बाघ नदी ही दोन्ही राज्यांची हद्द, सारसाला अर्थातच हद्द नाही, तो रात्री या तीरावर आणि सकाळी त्या. पण नुसता पक्षी बघून परत जायचं नव्हतं. हा पक्षी जंगलात राहत नाही, तो शेतात राहतो, लोकांच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, घरटं करतो, आणि तरीही इथे टिकून आहे, हे कसं ते समजून घ्यायचं होतं.

शनिवार

पहाटे अंधारातच निघालो. बिरसी विमानतळाच्या परिसरात परसवाडा आणि झिलमिली असे दोन तलाव आहेत, सारसासाठी ही नावं पक्षी बघणाऱ्यांच्या तोंडी असतात. धुकं होतं, दुर्बिणीत काही दिसेना, आणि मग आवाज आला. सारसाचा आवाज ज्यांनी ऐकलाय त्यांना सांगायला नको आणि ज्यांनी नाही ऐकला त्यांना सांगून कळणार नाही, एवढंच म्हणतो की तो दोन-तीन किलोमीटरवरून येतो आणि अंगावर काटा येतो. नर एकदा ओरडतो तेवढ्यात मादी दोनदा, आणि दोघांचं इतकं जुळलेलं असतं की एकच पक्षी ओरडतोय असं वाटावं.

धुकं उठल्यावर दिसले. जोडी आणि मधे एक पिल्लू, डोकं अजून लाल न झालेलं, तपकिरी. आईबाप जवळपास माणसाएवढे उंच, उडणाऱ्या पक्ष्यांत जगात सगळ्यात उंच सारसच, आणि तिघं कापलेल्या बांधीत धसकटांमधून चालत काहीतरी वेचत होते. गळालेला धान, गोगलगायी, बेडूक, गवताचे कंद, काही चालतं त्यांना. चाळीस पावलांवर चार बाया धान कापत होत्या. बाया सारसाकडे बघत नव्हत्या, सारस बायांकडे बघत नव्हते.

ज्यांच्या बांधीत या जोडीचं घरटं होतं ते शेतकरी धुऱ्यावरच, म्हणजे शेताच्या बांधावरच, भेटले, साठीचे असतील. त्यांनी सांगितलेलं जसंच्या तसं लिहितो. "रोवनी झाली आन् आठ दिसात यायनं मधातच ढीग लावला. भवतालचा धान उपटला, गवत आनलं, चांगला खाटेवढा ढीग केला. पोरगा म्हने हाकलून देऊ. मी म्हनलो, राहू दे बाप्पा, घर बांधून रायला, दोन-चार पायल्या धान जाइल, आपलं का त्यानं बुडते?" दोन अंडी होती, एक कावळ्यांनी फोडलं, दुसऱ्यातून महिन्याभराने पिल्लू निघालं. नर-मादी दोघंही आळीपाळीने अंड्यावर बसतात, आणि पिल्लू उडायला लागेपर्यंत तीन महिने तरी लागतात, म्हणजे रोवणीपासून (लावणीपासून) कापणीपर्यंत धानाचा अख्खा हंगाम त्या घरात सारसाचं बाळंतपण चालू असतं.

मग मी विचारलं फवारणीचं काय केलं. ते म्हणाले त्या बांधीत मारलीच नाही, पिल्लू होतं म्हणून, आणि तुडतुडा आला पण "बाकीच्या बांध्यांत आला त्याच्यापरीस जास्त नाई आला." मला हे वाक्य फार मोलाचं वाटतं. तुडतुड्यांवर सरसकट कीटकनाशक मारलं की तुडतुडे खाणारे कोळी आणि मित्रकिडे आधी मरतात, आणि मग तुडतुडा पुन्हा उसळतो, हे धानाच्या शास्त्रात कधीचं माहीत आहे. बेडूक, कोळी, चतुर हे त्या बांधीतले बिनपगारी मजूर आहेत, आणि सारस तिथे असला म्हणून यावेळी ते वाचले.

विषाचा प्रश्न खरंच गंभीर आहे. राजस्थानात भरतपूरला ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आजूबाजूच्या शेतात वापरलेल्या आल्ड्रिन या कीटकनाशकामुळे सारस मेले होते. धानात खोडकिडा आणि गादमाशीसाठी पूर्वी सर्रास फोरेटचे दाणे टाकायचे, ते 2020 च्या अखेरीपासून बंद आहे, पण दाणेदार औषध साचलेल्या पाण्यात टाकणं ही सवय गेलेली नाही, आणि सारस खातो ते त्याच चिखलातलं. यात मी शेतकऱ्याला दोष देत नाही, कृषी केंद्रात गेलं की जे हातात देतात ते तो मारतो, दुसरं सांगायला बांधावर येतंय कोण.

दुसरी गोष्ट विजेच्या तारा. सारसाचे पंख पसरले की आठ फूट होतात आणि वळायला त्याला जागा लागते, बांध्यांवरून गेलेल्या 11 केव्हीच्या तारा त्याला धुक्यात दिसत नाहीत. 2021 मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सारसांच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली, तेव्हापासून तारांचा विषय निदान बैठकीत येतो. गोंदियाची 'सेवा' नावाची संस्था बरीच वर्षं शेतकऱ्यांमधूनच सारसमित्र तयार करतेय, घरटं दिसलं की आधी त्यांना कळतं, वनखात्याला नंतर. सारस टिकलाय तो या लोकांमुळे, हे माझं ठाम मत आहे.

एक विनंती इथेच करून टाकतो. जुलै ते सप्टेंबर फोटोसाठी घरट्याकडे जाऊ नका. सारस उठून गेला की अंडं उघडं पडतं, कावळे वरच बसलेले असतात, आणि शेतकऱ्याची बांधी तुडवली जाते ते वेगळंच.

रविवार

गोंदिया-बल्लारशा लाइनने दक्षिणेकडे, अर्जुनी मोरगाव तालुक्यात. इकडे जंगल वाढतं, डोंगर येतात, आणि प्रत्येक गावाला तलाव. काकाजींचा भाचा बाईक घेऊन आला होता, त्याच्या मागे बसून दिवसभर फिरलो, कंबर गेली पण बघण्यासारखं इतकं होतं की तक्रार नाही.

पूर्व विदर्भात असे सुमारे सात हजार तलाव आहेत. चांद्याच्या (चंद्रपूरच्या) गोंड राजांच्या काळात जंगल मोडून तलाव बांधील आणि जमीन कसती करील त्याला ती जमीन देण्याची रीत होती, आणि कोहळी समाजाच्या लोकांनी त्या रीतीने अख्खा मुलूख पाणीदार केला. ऊस आणि धान ही त्यांची पिकं. पुढे मालगुजार, म्हणजे गावाचा सारा गोळा करणारे जमीनदार, आले, तलावांची देखरेख त्यांच्याकडे, 1950 नंतर मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाले, म्हणून माजी मालगुजारी तलाव, त्याचं बोलीत मामा तलाव. गावाचा निस्तार म्हणजे गुरांचं पाणी, धुणं, मासे, शिंगाडा, कमळाचे कांदे, सगळं या तलावावर चालत आलं.

नवेगाव बांध यातला मोठा. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला असं सांगतात, डोंगराच्या खिंडी पाळीने अडवून केलेला, भोवती जे डोंगर आहेत त्यांना सात बहिणी म्हणतात आणि कोलासुर देवाचं ठाणं आहे. 1975 ला आसपासचं जंगल राष्ट्रीय उद्यान झालं, 2013 ला नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प. आम्ही गेलो तेव्हा पाहुणे यायला सुरुवात झाली होती, तलवार बदकं भरपूर, लालसरी लांब मध्यावर, अडयांचे थवे शिट्ट्या मारत, आणि कमळाच्या पानांवर कमळपक्षी.

पण मला नवेगावपेक्षा जास्त वेळ घालवावासा वाटला तो एका छोट्या गावतलावावर, कारण तिथे सगळी रचना एका नजरेत दिसते. एका बाजूला मातीची पाळ, पाळीत तुडूम, म्हणजे पाणी सोडायची दगडी मोरी, एका टोकाला सांडवा, खालच्या अंगाला बांध्या. आणि पाळीच्या समोर तिन्ही बाजूंनी तलाव परातीसारखा उथळ होत होत वर शेतांना मिळतो. खोल पाणी फक्त पाळीपाशी. सगळी गंमत त्या उथळ काठात आहे. ऑगस्टमध्ये पाणी वरच्या बांध्यांपर्यंत चढतं, पहिल्या पुरात मासे त्या पाण्याबरोबर वर चढून गवतात अंडी घालतात. नोव्हेंबरपासून तुडूम उघडलं की पाणी रोज थोडं मागे सरकतं आणि रोज नवीन चिखल उघडा पडतो, त्यात किडे, गोगलगायी, कंद. म्हणून बगळे, उघडचोच बलाक, कांडेसर, छोटे तुतारी आणि चिखले सगळे त्या ओल्या पट्ट्याच्या मागे मागे सरकत उन्हाळ्यापर्यंत जगतात. सारसालाही रात्री उभं राहायला तेच लागतं, गुडघाभर पाणी आणि चारी बाजूंनी मोकळी नजर, कोल्हा-कुत्रा आला तर पाण्याचा आवाज व्हावा म्हणून.

म्हणजे शेतकऱ्याने शेवटचं पाणी घेण्यासाठी तुडूम उघडलं की पाखरांचं ताट वाढलं जातं. शेतीची आणि तलावाची वेळ एकमेकांत अशी गुंतलेली आहे, आणि ती काही पाखरांसाठी कोणी ठरवलेली नव्हती.

आता हा काठच जातोय. वरच्या अंगाचे लोक दरवर्षी धुरा दोन हात पुढे सरकवतात, पाणी उतरलं की गाळपेर करतात, पंप लावून उन्हाळी धान घेतात आणि मग मे महिन्यात तलावात डबकं उरतं. भाच्याला विचारलं की हे कोणाच्या नजरेत येत नाही का, तर म्हणाला, "पाटबंधारेवाल्याले पान्याचं पडलं, सोसायटीले मच्छीचं, पंचायतीले रोडाचं. काठाचं कोनाले पडलं?"

रात्री मंडईत दंडार बघितली, थंडीत दोन वाजेपर्यंत.

सोमवार

आजचा दिवस सगळ्यात चांगला गेला. ढिवर समाजाच्या बायकांनी पुन्हा जिवंत केलेले तलाव बघायला गेलो. ढिवर म्हणजे इथले पिढीजात मासेमार. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ या संस्थेबरोबर या तालुक्यात बरीच वर्षं हे काम चाललंय, आणि ते बघितल्यावर तलाव दुरुस्ती या शब्दाचा माझ्या डोक्यातला अर्थच बदलला.

तलावावर नेलं त्या मावशी काठावर उभ्या राहून एकेक वनस्पती हाताने उपटून दाखवत होत्या. ही चिला, ही गाद, हे देवधान, हे पाण्याखालचं हायड्रिला. कुठली मरळीला अंडी घालायला, कुठली बदकं खातात, कुठल्या मुळाशी झिंगे राहतात, सगळं तोंडपाठ. देवधान म्हणजे रानभात, पाण्यात आपोआप उगवतो, त्याचे दाणे पाखरं खातात आणि त्याच्या झुडपात घरटी होतात. "झाडं गेले तं मच्छी गेली, मच्छी गेली तं आमी नागपुरात विटा उचलाले," असं त्या म्हणाल्या आणि पुढच्या झाडाकडे वळल्या.

झाडं गेली कशी? एक तर बेशरम. ती गुलाबी फुलांची बेशरम काठाने पसरली की उथळ भाग पूर्ण व्यापून टाकते, खाली काही उगवत नाही, गुरं तोंड लावत नाहीत. दुसरं, मासेमारांच्या सोसायट्यांना मासे वाढवायचे म्हणून रोहू, कतला, मृगळचं बीज दरवर्षी सोडलं गेलं आणि त्याबरोबर कुठे कुठे गवत्या मासाही, तो पाण्यातली झाडं साफ खाऊन टाकतो. झाडं नाहीत म्हणजे मरळ, मागूर यांना जागा नाही. रोहू-कतला आपल्या तलावात अंडी घालत नाहीत, त्यांना वाहतं पाणी लागतं, म्हणून बीज दरवर्षी विकत. गावठी मासा मात्र फुकट वाढतो, त्याला फक्त काठ आणि झाडं द्यावी लागतात.

बायकांनी काय केलं, तर आधी बेशरम मुळासकट काढली, उन्हात, हाताने. मग मे महिन्यात तलावाच्या कोरड्या पोटात नांगर फिरवला, आणि पहिल्या पावसानंतर दुसऱ्या चांगल्या तलावांतून झाडं आणून रोवली. धानाची रोवणी जन्मभर केलेले हात, त्यांना हे शिकवावं लागलं नाही. झाडं जगेपर्यंत गुरांपासून आणि माशांपासून सांभाळली. पुढच्या वर्षांत गावठी मासे वाढले, आणि पाखरं मागोमाग आली, त्यांना कोणी बोलावलं नव्हतं.

त्याच दिवशी तीन-चार किलोमीटरवर उलटा प्रकारही बघितला. एका तलावाचं पोकलेनने खोलीकरण झालेलं. गाळ काढणं वाईट आहे असं माझं म्हणणं मुळीच नाही, पूर्वी शेतकरी उन्हाळ्यात बैलगाडीने गाळ नेऊन बांध्यांत पसरायचेच, त्याच्यासारखं खत नाही, आणि 2017 पासून गाळमुक्त धरण गाळयुक्त शिवार योजनेत हेच करायचं आहे. पण बैलगाडी वरवरचा थर नेते आणि उतार तसाच ठेवते. पोकलेनने इथे काठापासूनच सरळ उभा खड्डा काढला होता, खाली मुरूम लागला होता, कडा इतक्या उभ्या की म्हैस उतरू शकत नव्हती. पाणी खूप दिसत होतं. पाखरू एक, खंड्या. घनमीटरमध्ये मोजलं तर हा तलाव सुधारला, आणि मोजणी घनमीटरमध्येच होते, अडचण तिथे आहे. काम पाळीजवळ करा, वरचा उतार हात न लावता सोडा, झाडांचे पट्टे ठेवा, एवढं अंदाजपत्रकात लिहिलं तर खर्च उलट कमीच येईल.

मंगळवार

शेवटचा दिवस जंगलाच्या कडेच्या बांध्यांवर. इथलं शेतकऱ्याचं दुखणं वेगळं आणि ते न सांगता नुसते सारसाचे कौतुक लिहिणं मला बरोबर वाटत नाही. रानडुक्कर. रात्री कळप येतो, धान खातो त्यापेक्षा लोळून आडवा जास्त करतो, धुरे उकरतो आणि बांधीतलं पाणी निघून जातं. लोक मचाण बांधून थंडीत जागतात, डबे वाजवतात, जुन्या साड्या बांधतात. कोणी कोणी तारेत करंट सोडतात, त्यात डुक्कर मरतं, बिबट मरतो, आणि पहाटे पाणी बघायला गेलेला शेजारीही मरतो. ज्या काकांच्या मचाणावर बसलो ते म्हणाले, "पंचनामा होते, पैसे येते कधी तरी, पन माही झोप कोन भरून देइल?" मला उत्तर सुचलं नाही, आताही नाहीये. सोलर कुंपण काही शेतांना दिसलं, त्याचा झटका लागतो पण जीव जात नाही, जिथे चार शेतकऱ्यांनी मिळून लावलंय तिथे बरं चाललंय म्हणाले, एकट्याने लावलं तर डुक्कर शेजाऱ्याकडे जातं.

आणि हत्ती. 2021 ला छत्तीसगडकडून रानटी हत्तींचा कळप गडचिरोलीत आला, 2022 मध्ये इकडे अर्जुनी मोरगावच्या शिवारापर्यंत पोचला. ज्यांनी सारसाला बांधी दिली तेच लोक हत्तींच्या रात्रीबद्दल बोलताना हात जोडतात. सहन करायला मर्यादा असते. सारस दोन-चार पायल्यांत भागतो, हत्तीने एका रात्रीत वर्षाचं पोतं रिकामं केलं तर त्या घरात कोणत्या तोंडाने संवर्धन बोलायचं? भरपाई वेळेत आणि पुरेशी मिळणं हे माझ्या मते पाखरांच्या संरक्षणाचंच काम आहे, कारण एका जनावरावरचा राग माणूस दुसऱ्यावर काढतो.

परत येताना इटियाडोह धरणावरून आलो, गोठणगावला तिबेटी वसाहतीत गरम गरम खाल्लं आणि संध्याकाळची गाडी धरली.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पाखरांसाठी चांगला, सारसाचं कुटुंब कापलेल्या बांध्यांत सहज दिसतं, स्थानिक सारसमित्राला बरोबर घ्या आणि त्याला त्याचे पैसे द्या. धुऱ्यावरून चाला, उभ्या धानात उतरू नका. गोंदियाला उतरून परसवाडा, झिलमिली, मग रेल्वेने देवलगाव किंवा अर्जुनी. आणि खरंच हातभार लावायचा असेल तर जूनमध्ये या. तेव्हा बाकीची तळी आटलेली असतात, सारस उरलेल्या पाण्यावर जमतात, वनखातं आणि सेवा संस्था मिळून पहाटे एकाच वेळी सगळ्या ठिकाणी गणना करतात. ऊन भयंकर असतं, पण कुठल्या तलावाला काठ उरलाय आणि कुठल्याचा गेलाय हे तेव्हा उघड्या डोळ्यांनी दिसतं. काकाजींनी खोली आत्ताच धरून ठेवलीय.